मशीनपासून सहीपर्यंत

आपली माणसं कामाबद्दल बोलत नाहीत, काही सुचवत नाहीत, ही ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या बहुतेक मॅनेजरांची जुनी तक्रार. ती खरी नाही. पहिली पाळी सुटल्यावर रबाळे, महापे किंवा तुर्भ्याच्या कुठल्याही टपरीवर दहा मिनिटं उभं राहून बघावं. कुठला व्हॉल्व्ह गळतोय, कुठल्या मशीनचा स्पिंडल गरम होतो, या खेपेचं मटेरियल कडक का आलं, डिस्पॅचचा घोळ नेमका कुठे होतो, सगळं कटिंग चहाबरोबर ऐकायला मिळतं. बोलणं भरपूर आहे. ज्याच्या सहीने काही बदलू शकतं त्याच्यापर्यंत ते जात नाही, आणि गेलंच तर भलत्याच रूपात जातं.

हे भलतं रूप कसं येतं ते बघण्यासारखं आहे. समजा, सीएनसी टर्निंगचं, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या लेथचं शॉप आहे, दहा-बारा मशीन, लॉट छोटे, त्यामुळे एका मशीनवर दिवसातून दोनदा तरी सेटिंग बदलतं, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन तयार करावं लागतं. ते काम सेटरचं. जॉब पकडणाऱ्या चकवर त्या त्या जॉबच्या मापाने कातलेल्या पकडी लागतात, त्या सॉफ्ट जॉ; आणि पहिला नग तपासून पास करतो तो क्यूसी विभाग. सेटर सुपरवायझरला म्हणतो, "दादा, सॉफ्ट जॉ सापडत नाहीत, शोधण्यात वेळ जातो, आणि मग क्यूसीसाठी थांबायचं." सुपरवायझर सकाळच्या मीटिंगमध्ये सांगतो, "सेटिंगला वेळ लागतोय." प्रॉडक्शन मॅनेजर तेच वरच्या साहेबांना सांगतो तेव्हा त्याचं झालेलं असतं, "सेटर स्लो आहेत." यात कुणीही खोटं बोललेलं नाही. प्रत्येकाने घाईत वाक्य थोडं आखूड केलं, इतकंच. पण पहिल्या वाक्यात दोष जॉ ठेवायला रॅक नसण्याचा होता, तिसऱ्यात तो माणसाचा झाला. मग सेटरला केबिनमध्ये बोलावणं येतं, आणि तिथून पुढे तो जे काही बोलायचं ते टपरीवरच बोलतो.

तोंडी वाक्य वाटेत झिजतं. आकडा आणि जागा सांगणारं लेखी वाक्य त्या मानाने टिकतं, कारण ते आखूड करायला कुणाला तरी मुद्दाम खोडावं लागतं. म्हणून बोलण्याआधी मोजायचं. सेटिंगचा वेळ म्हणजे जुन्या जॉबचा शेवटचा चांगला नग निघाल्यापासून नव्या जॉबचा पहिला नग पास होईपर्यंतचा वेळ. मधली सगळी वाट बघणं त्यात आलं. समजा तो सत्तर मिनिटं निघाला. नुसता सत्तर हा आकडा घेऊन वर गेलं तर "पन्नासमध्ये करा" एवढंच उत्तर येणार. तोच वेळ फोडला की गोष्ट बदलते: जुना जॉब आवरणं आणि चिप्स काढणं ६ मिनिटं, नव्या जॉबचे सॉफ्ट जॉ शोधून आणणं १४, जॉ बसवून बोअर मारणं (जॉबच्या मापाने आतून कातणं) १५, टूल आणि इन्सर्ट बदलून ऑफसेट घेणं (टूलचं माप मशीनला देणं) १२, प्रोग्राम बोलावून कोरडी फेरी ५, पहिला नग कापणं ४, आणि तो नग घेऊन क्यूसीची वाट बघणं १४. आता कुणालाही दिसतं की सत्तरातली अठ्ठावीस मिनिटं शोधण्यात आणि थांबण्यात गेली. सेटरच्या हाताचा वेग त्यात कुठेच येत नाही.

जॉ शोधायला चौदा मिनिटं का लागतात, हे शॉपबाहेरच्या माणसाला पटत नाही, म्हणून तेही कागदावर यावं. तीन जॉचा एक संच असतो. तो एकाच क्रेटमध्ये इतर वीस संचांबरोबर टाकलेला असतो. जॉवर एक, दोन, तीन असे आकडे पंच केलेले असले तर ठीक. नसले, किंवा घासून गेले असले, तर कुठला जॉ चकच्या कुठल्या खाचेत होता ते कळत नाही. जागा बदलली, किंवा सेरेशनचा (जॉ बसतो त्या दातेरी खाचांचा) एक दात इकडेतिकडे झाला, की जॉब मध्यावर धरला जात नाही, रनआउट येतो, म्हणजे फिरताना तो डुलतो, आणि पुन्हा बोअर मारावं लागतं. दर वेळी थोडं मटेरियल जातं आणि जॉ लवकर संपतात. म्हणजे वरच्या हिशेबातली बोअरची पंधरा मिनिटंसुद्धा अर्धीअधिक क्रेटची देणगी आहे. जॉब नंबर आणि जॉचा क्रमांक पंच करून, तिन्ही जॉ तारेने एकत्र बांधून, नंबर घातलेल्या कप्प्यांच्या रॅकवर ठेवले, आणि शेवटचं बोअर किती चक प्रेशरला मारलं तो आकडा सेटिंग शीटवर लिहिला, तर पुढच्या वेळी हलका साफ कट पुरतो.

पैशाचा हिशेब एका ओळीत मावायला हवा. अठ्ठावीस मिनिटं, दिवसाला दोन सेटिंग, महिन्याचे पंचवीस दिवस: १,४०० मिनिटं, म्हणजे तेवीस तास वीस मिनिटं. मशीनचा ताशी दर चारशे धरला तर एका मशीनमागे महिन्याला सव्वानऊ हजारांच्या वर. दर आपल्या शॉपचा घ्यावा, आणि तो अकाउंट्सकडून विचारून घ्यावा, मनाने नको. साहेब पहिली शंका दरावरच काढतात. तो त्यांच्याच अकाउंटंटने दिलेला असला की शंका तिथेच मिटते.

सेटिंगची कामं दोन प्रकारची असतात, याकडे जगाचं लक्ष वेधलं ते शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने. मशीन थांबवूनच करावी लागणारी कामं वेगळी काढायची, मशीन चालू असताना करता येतील ती आधीच उरकायची, मग थांबून करायच्या कामांतली जितकी बाहेर, म्हणजे मशीन चालू असतानाच्या वेळेत, ढकलता येतील तितकी ढकलायची. १९६९ मध्ये टोयोटाच्या हजार टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग याच वाटेने आधी नव्वद मिनिटांवर आणि नंतर तीन मिनिटांवर आलं. आपल्या उदाहरणात जॉ आणणं उघडच बाहेरचं काम आहे. क्यूसीची वाटसुद्धा बरीचशी बाहेरची आहे: जुना लॉट संपायला पंधरा मिनिटं उरली की इन्स्पेक्टरला कळवायचं आणि लागणारे गेज मशीनपाशी आणून ठेवायचे.

मोजणी करताना दोन गोष्टी बिघडतात. एक, लोक अंदाज लिहितात. "साधारण पंधरा मिनिटं" हा आकडा नव्हे. घड्याळातली वेळ लिहावी, १०:४२ ला थांबलं, १०:५६ ला जॉ मिळाले. सलग आठ-दहा सेटिंगची नोंद हवी आणि त्यात चांगले दिवसही हवेत. फक्त वाईट दिवस निवडले की ते ओळखू येतात. दुसरी गोष्ट जास्त नाजूक. वहीत माणसाचं नाव आलं की वही तक्रारीची होते. "क्यूसीचा गेज दुसऱ्या लाइनवर होता" असं लिहावं. "क्यूसीवाली मॅडम उशिरा आली" असं लिहिलं तर त्या मॅडम उद्यापासून दर नग सावकाश तपासतील, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

मग कागद. एक पान, शक्यतो अर्धंच. आज काय होतं, त्यात किती जातं, काय बदलून बघायचं, त्यासाठी कुणाला काय जास्तीचं करावं लागेल, आणि चाललं की नाही हे कुठल्या आकड्यावरून ठरवायचं. शेवटचे दोन मुद्दे लोक गाळतात आणि तिथेच सूचना पडते. जास्तीचं काम लिहिलं नाही तर ते मीटिंगमध्ये दुसरा कुणीतरी काढतो, तेही आक्षेप म्हणून. आणि मागणं कायमच्या बदलाचं करू नये. एक मशीन, दोन आठवडे, सेटिंग पन्नास मिनिटांच्या आत नाही आलं तर रॅक हलवून टाकू, असं म्हटलं की नाही म्हणणाऱ्यालाच कारण द्यावं लागतं. शॉपसाठी दहा रॅक मागितले की फाइल परचेसकडे जाते, तीन कोटेशन येतात, आणि दिवाळी उजाडते.

हा कागद पहिल्यांदा साहेबांना दाखवायचा नसतो. ज्यांचं काम त्याने वाढणार आहे त्यांना आधी. इथे स्टोअरवाले मामा आणि क्यूसी. मामांना विचारलं तर ते सांगतील की अर्धे जॉ रद्द झालेल्या जॉबचे आहेत, ते कुणी भंगारात काढायला सही देत नाही म्हणून क्रेट भरलेला आहे. ही माहिती सेटरकडे नव्हतीच. सूचना तिथेच सुधारते: रॅकआधी रद्द जॉब बाद करायचे. नंतर सुपरवायझर. त्याला ओलांडून वर जायचा मोह होतो, विशेषतः मालक रोज शॉपमध्ये फेरी मारतात अशा वागळे इस्टेटच्या छोट्या युनिटमध्ये. ते करू नये. मालक "वा" म्हणून जातात आणि सुपरवायझर तिथेच राहतो. कागदावर त्याचंही नाव घालावं. श्रेय वाटलं जाण्याची भीती वाटत असेल तर वाटू दे. रॅक बसलेला महत्त्वाचा.

वेळेचं भान ठेवावं लागतं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, बिलिंगसाठी गाड्या भरणं चालू असताना, कुणाच्याही डोक्यात काही जात नाही. कस्टमर ऑडिटच्या आठवड्यात तर दोष दाखवणारा माणूस शत्रू वाटतो. महिन्याचा पहिला पंधरवडा, सकाळची मीटिंग आटोपल्यावर, उभ्याउभ्या पाच मिनिटं, यापेक्षा चांगली वेळ मिळत नाही.

इतकं सगळं नीट करूनही शहाणी माणसं गप्प बसतात, आणि त्याला भित्रेपणा म्हणणं अन्याय आहे. सेटिंग सत्तरावरून पंचेचाळीसवर आलं की पुढच्या महिन्याच्या टार्गेटमध्ये ती पंचवीस मिनिटं नग होऊन येतात. इन्सेंटिव्हची पायरी वर सरकते. दोन सेटरांच्या जागी एक पुरेल का, हा प्रश्न निघतो. ज्याने सुचवलं त्याचाच सोबती घरी बसला, तर तो पुन्हा सुचवेल ही अपेक्षा कशी करायची? म्हणून अनेक जुन्या कारागिरांच्या कपाटात स्वतः बनवलेलं, जॉब पटकन धरणारं एखादं फिक्श्चर कुलपात असतं. ते आपल्या पाळीत काढतात, पाळी सुटताना परत आत. वाचलेल्या वेळेत माणूस कमी होणार नाही आणि सहा महिने टार्गेट हलणार नाही, एवढं मॅनेजमेंटने आधी, सगळ्यांसमोर, लेखी सांगितलं की ही कपाटं उघडायला लागतात. त्याच्याशिवाय घेतलेल्या कायझेनच्या (छोट्या छोट्या सुधारणांच्या) शिबिरांत समोसे चांगले असतात, बाकी काही हाती लागत नाही.

कंत्राटी कामगाराची अडचण आणखी वेगळी. या पट्ट्यात लाइनवरची कितीतरी मुलं कंत्राटदाराच्या नावावर असतात, आणि "उद्यापासून याला पाठवू नका" एवढ्या फोनवर त्यांचा गेट पास बंद होतो. त्यांनी लेखी सूचना द्यावी असं म्हणणं सोपं आहे. त्यांचं बोलणं कायम कामगाराने पुढे न्यावं, नाव घालायचं की नाही ते त्या मुलालाच विचारावं, आणि काम झाल्यावर श्रेय द्यायला विसरू नये. ही मुलं हिंदीत, भोजपुरीत बोलतात. कागद मराठीत किंवा इंग्रजीत करताना त्यांचा मुद्दा बदलला नाही ना, हे त्यांना वाचून दाखवावं.

आता सहीच्या बाजूला येऊ. भिंतीवरच्या कुलूपबंद सूचनापेटीवर माझा विश्वास नाही. किल्ली एचआरकडे, एचआरला मशीन कळत नाही, आणि आतल्या चिठ्ठ्यांत कॅन्टीनची भाजी सोडून काही उरत नाही. पेटीचा दोष मात्र दुय्यम आहे. टोयोटाच्या अधिकाऱ्यांनी १९५० मध्ये अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघितला, तिथली सूचना योजना त्यांना आवडली, आणि १९५१ पासून त्यांनी ती आपल्याकडे सुरू केली. ती टिकली याला कारण आहे: सूचना कामगाराच्या अगदी जवळचा माणूस वाचतो, बहुतेक वेळा तोच करून बघायला मदत करतो, आणि उत्तर येतं. आपल्याकडे येतं ते "बघतो". उत्तरं तीनच असावीत: करतो आणि कधी, नाही आणि का, आत्ता नाही, अमुक तारखेला पुन्हा विचार. आठवड्याच्या आत, आणि सुचवणाऱ्याला समोर भेटून. "नाही" चालतं. चेन्नईच्या कस्टमरने हा बदल मंजूर करायला सहा महिने घेतले म्हणून नाही, असं सांगितलं तर माणूस समजून घेतो, पुढच्या वेळी त्या कस्टमरचा जॉब सोडून दुसऱ्यावर बोलतो. "बघतो" ऐकल्यावर तो काहीच शिकत नाही.

बक्षिसाबद्दल थोडक्यात. वाचलेल्या पैशाची टक्केवारी देऊ नये, भांडणं होतात. ठरावीक छोटी रक्कम सगळ्यांना सारखी द्यावी.

अडचण दिसली की कामगाराने ओढायची जी दोरी टोयोटाच्या लाइनवर असते, तिच्याबद्दल गैरसमज आहे. ती ओढली की लाइन तत्क्षणी थांबते असं लोकांना वाटतं. ओढल्यावर आधी दिवा लागतो, सूर वाजतो, टीम लीडर धावत येतो. गाडी त्या टप्प्याच्या ठरलेल्या खुणेपर्यंत पोचेस्तोवर गोष्ट सुटली तर लाइन चालूच राहते, नाही सुटली तरच थांबते. यात दोरीपेक्षा धावत येणाऱ्या माणसाचं महत्त्व जास्त. दिवे लावून, दोऱ्या बांधून घेतलेल्या कारखान्यांत टीम लीडर तीस माणसांमागे एक असतो. दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. या कल्पनेचं मूळ मागात आहे: धागा तुटला की आपोआप थांबणारा माग टोयोटा समूहाचे मूळपुरुष साकिची टोयोडांनी बनवला. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीच्या साध्या यंत्रमागावर ताण्याचा (उभा) धागा तुटला तरी माग चालत राहतो, विणकराची नजर पडेपर्यंत कापड बिघडत जातं. २०१७ च्या पॉवरटेक्स योजनेत साध्या मागांना जोडायला जे भाग सांगितले त्यात ताणा आणि बाणा (आडवा धागा) तुटल्यावर माग थांबवणारे भाग आहेत. यंत्राला बोलता येणं इतक्या उशिरा आलं, तर माणसांचं काय सांगावं.

क्वालिटी सर्कल, म्हणजे कामगारांनी गटाने बसून आपल्या कामातल्या अडचणी सोडवायची पद्धत, आपल्याकडे १९८० मध्ये भेलच्या (भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या) हैदराबाद कारखान्यातून सुरू झाली. चांगली गोष्ट होती. पुढे अनेक ठिकाणी तिचं स्पर्धेसाठीच्या स्लाइडमध्ये रूपांतर झालं. ऐरोली, महापेच्या आयटी पार्कांत मशीन नसलं तरी रोग तोच: दर पंधरवड्याच्या बैठकीत "काय सुधारता येईल" याच्या रंगीत चिठ्ठ्या लागतात आणि कुणाच्याही नावावर न पडता विरतात. एका बैठकीतून एकच मुद्दा, एक नाव, एक तारीख, आणि पुढची बैठक त्यापासून सुरू, एवढं पुरतं.

आतापर्यंतचं सगळं सुधारणेबद्दल. जीवाशी गाठ असेल तिथे यातलं काहीच लागू नाही: वही नको, कागद नको, योग्य वेळ नको. ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या) टाकीत गाळ काढायला माणूस उतरतोय आणि आत ऑक्सिजन मोजलेला नाही, तर आधी "थांबा, उतरू नका", कारण मागाहून. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्याचा वास प्रमाण वाढल्यावर नाकाला येईनासा होतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं धरून माणसं उतरतात, आणि त्यांना काढायला दुसरा उतरतो. असं बोलताना आपली सवय आड येते: "साहेब, एकदा बघितलं असतं तर बरं झालं असतं..." २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकून ५८३ माणसं गेली. दुसरं विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना, असं फ्लाइट इंजिनिअरने टेकऑफ चालू असताना विचारलं होतं. प्रश्न म्हणून विचारलं. अनुभवी कॅप्टनने ठामपणे आडकाठी नसल्याचं सांगितलं, आणि विमान पुढे गेलं. त्यानंतरच्या वैमानिक प्रशिक्षणात हाताखालच्या माणसाने काय दिसतंय आणि काय करायला हवं हे स्पष्ट सांगायचं शिकवतात. शॉपमध्येही तेच: "साहेब, टाकी टेस्ट झालेली नाही. माणूस बाहेर काढा."

भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, कारखाने अधिनियमात ४१-एच हे कलम आलं. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात जीवाला तातडीचा धोका वाटला तर कामगाराने तो थेट किंवा सुरक्षा समितीमार्फत व्यवस्थापनाला कळवायचा आणि त्याच वेळी निरीक्षकालाही. व्यवस्थापनाला धोका पटला नाही तरी प्रकरण निरीक्षकाकडे गेलंच पाहिजे. म्हणजे इथे कायद्यानेच मधला सुपरवायझर ओलांडायला वाट ठेवली. नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा नव्या सुरक्षा संहितेने घेतली, पण ही वाट तिच्यातही आहे. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय आपल्याच सीबीडी बेलापूरला आहे, ४ मार्चला बिल्ले लावून शपथ सगळीकडे होते. त्या दिवशी शपथेऐवजी ही वाट आणि निरीक्षकाचा फोन नंबर गेटवर लावला तरी चालेल.

रॅक बसला, दोन आठवड्यांत सेटिंग खाली आलं, असं धरू. अजून एक काम उरतं आणि तेच सर्वांत जास्त वेळा राहतं. सेटिंग शीटची सुधारित आवृत्ती काढायची, तिच्यावर रिव्हिजन नंबर आणि तारीख टाकायची, जॉ रॅकचा कप्पा आणि चक प्रेशर तिच्यात लिहायचं, तिन्ही पाळ्यांच्या सेटरांना मशीनपाशी एकदा करून दाखवायचं आणि त्यांच्या सह्या घ्यायच्या. हे झालं नाही तर ज्याने सुचवलं तो गावी गेला की पंधरा दिवसांत जॉ परत क्रेटमध्ये. आणि नवी शीट लावताना जुनी काढली का, ते स्वतः जाऊन बघावं. मशीनच्या दारावरच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात नवी पुढे आणि जुनी तिच्या मागे सरकवलेली असते. रात्रपाळीतला नवा मुलगा दोन्ही काढतो आणि जी कमी तेलकट असेल ती वाचतो.